गोचीड डॉक्टरांचा ताप

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्याला हसू आलं. नाकात ऑक्सिजनची नळी, ओठांची सालं निघालेली, डोळे सुजून बारीक झालेले, आणि तशात हसू. मोठे डॉक्टर बावरले. त्यांना वाटलं असणार, ताप डोक्यात गेला.

“स्पॉटेड फीवर,” ते पुन्हा म्हणाले, या वेळी माझ्याकडे बघून. “रिकेट्सिया नावाचा जंतू असतो. गोचीड चावली की तो माणसाच्या अंगात शिरतो. लाल ठिपके उठतात, म्हणून स्पॉटेड फीवर.”

मला तोंडपाठ होतं हे. माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून, हातात चहाचा कप घेऊन, हे गृहस्थ आयुष्यभर मला दुसरं काय सांगत होते?

“दिव्याखाली अंधार, मंगल,” हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाकून ऐकावा लागला.

मी रडले नाही. मला राग आला. ह्यांचा, डॉक्टरांचा, त्या पलंगाचा, सगळ्यांचा राग. हे मी मोकळेपणानं लिहिते आहे, कारण रुग्णाच्या उशाशी बसलेल्या बाईला फक्त माया येते असं समजू नका. राग येतो. तुम्हाला आला तर घाबरू नका.

माझे यजमान पशुवैद्यक होते, पण गाईला सुई टोचणारे नव्हे. परजीवीशास्त्राचे प्राध्यापक. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारे किडे. त्यातूनही ह्यांनी निवडल्या गोचिडी. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, डॉक्टरीणबाई होणार तू. झाले ती गोचीडवाली. पाचोड ह्यांचं गाव. तिथल्या बाजारात ह्यांना कुणी प्राध्यापक म्हणत नसे. “आले का गोचीड डॉक्टर?” असंच विचारायचे. ह्यांना ते फार आवडायचं.

निवृत्त झाल्यावर आम्ही शहरात, गारखेड्यात घर बांधलं. मीही शाळेतून निवृत्त झालेली. मला वाटलं, आता दोघं सकाळी फिरायला जाऊ, वेरूळला जाऊ, मुलीकडे बंगळूरला चार महिने राहू. हे मात्र पैठण तालुक्यातल्या गोठ्यांमध्ये. गाईच्या कानात, कासेजवळ, शेपटीखाली बघायचं, चिमट्यानं अलगद गोचीड काढायची, बाटलीत घालायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं की कुठली जात, आणि तिच्या पोटात कुठला आजार आहे. जनावरांना गोचीड ताप येतो हे शेतकऱ्याला माहीत असतं. तो माणसालाही येऊ शकतो, वेगळ्या जंतूचा, हे ह्यांना दाखवून द्यायचं होतं.

गावोगाव हे एकच सांगायचे. “गाईवर फवारता, भिंतीचं काय? गोचीड जनावरावर येते ती जेवायला. राहते भेगेत. गोठ्याच्या भिंती बघा.”

शेतावरून आले की आमच्याकडे एक रिवाज होता. घरात पाऊल टाकायचं नाही. मागच्या अंगणात कपडे उतरवून गरम पाण्याच्या बादलीत टाकायचे, आणि मी बॅटरी घेऊन ह्यांची झडती घ्यायची. मान, काखा, कमरेचा पट्टा बसतो ती जागा, गुडघ्याची मागची बाजू, केसांत बोटं घालून डोकं. शेजारच्या बाई एकदा गच्चीवरून बघत होत्या. म्हणाल्या, “वहिनी, पोलिसात लागलात का?” इतक्या वर्षांत एकदाही मला काही सापडलं नाही. ह्यांचा त्याच्यावर भारी तोरा. “मी गोचीड ओळखतो, गोचीड मला ओळखते. ती मला चावत नाही.”

त्या वर्षी पावसाळाभर हे शेतावर गेलेच नाहीत. गुडघे धरले होते. डॉक्टरांनी चिखलात जायला बंदी केली होती. शेत नाही म्हणून झडती नाही. हे जिन्याखालच्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसायचे, लेख तपासायचे आणि वैतागायचे.

तिथंच एक कुत्री व्यायली. गल्लीतलीच, तांबडी. पावसात कुठं जाणार? ह्यांना तर करमणूकच मिळाली. दूध, भाकरीचा काला, पोत्याचं अंथरूण. तिच्या कानात गोचिडी होत्या. ह्यांनी चिमट्यानं काढल्याही. पण औषध लावलं नाही. “पिल्लं पितात तिला. औषध त्यांच्या पोटात जाईल. जरा मोठी होऊ देत,” म्हणाले. पशुवैद्याचं बरोबरच होतं ते. पिल्लांच्या बाबतीत बरोबर होतं.

गणपती उठले आणि दोन दिवसांनी ह्यांना ताप आला. थंडी वाजून, अंग मोडून, डोकं तर इतकं दुखायचं की टीव्हीचा आवाज सहन होईना. गारखेड्यात तेव्हा घरटी डेंग्यू होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्लेटलेट्स कमी. प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, डेंग्यूत त्या घसरतात. डेंग्यूची तपासणी मात्र नकारात्मक आली. “कधी कधी येते अशी. डेंग्यूच समजून चालू,” डॉक्टर म्हणाले. आम्हीही चाललो. नारळपाणी, पपईच्या पानांचा रस, शेजाऱ्यांनी सांगितलेली किवी, सगळं झालं.

ताप हटेना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मनगटावर आणि घोट्यावर बारीक लाल ठिपके दिसले. उलट्या सुरू झाल्या. आम्ही शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात भरती झालो. नाव लिहीत नाही, कारण त्यांनी काही हयगय केली असं मला वाटत नाही.

तिथं पहिल्या दिवशी डॉक्टर समीना आल्या. शिकाऊ डॉक्टर, वय जेमतेम सव्वीस-सत्तावीस. बोलणं भरभर, पण हात शांत. एकेक प्रश्न विचारत गेल्या. प्रवास केला का? शेतात गेला होता का? उंदीर, साठलेलं पाणी? आणि मग, “गोचीड वगैरे चावली होती का?”

विचारला त्यांनी प्रश्न. बरोबर विचारला.

तापानं फणफणलेला माझा नवरा उशीवरून मान उचलून म्हणाला, “अहो डॉक्टर, गोचीड हा माझा धंदा आहे. चावली असती तर मला कळलं नसतं? तीन महिने शेतात पाय ठेवलेला नाही मी.” आणि मग गुरांच्या गोचिडी माणसाला सहसा का धरत नाहीत यावर दोन मिनिटांचं व्याख्यान. धाप लागली तरी थांबेनात.

मी तिथंच उभी होते, आणि मला बरं वाटलं. बोलतायत म्हणजे ठीक आहेत, असं वाटलं.

डॉक्टर समीना अदबीनं हसल्या. “सर, यात तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं.” पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

ती अदबच नडली. साध्या शेतकऱ्यानं “नाय” म्हटलं असतं तर त्याचं कुणी ऐकलं नसतं, अंग तपासलं असतं. माझ्या नवऱ्याचं “नाही” मात्र सगळ्यांनी मानलं. खालच्यांनी मानलं, वरच्यांनी मानलं. रक्तातला कुठला तरी जंतू धरून भारी अँटिबायोटिक चालू झालं, पण ते रिकेट्सियावर चालत नाही. ह्या आजारावर चालते ती डॉक्सीसायक्लिन. जुनी, साधी, कुठल्याही औषधाच्या दुकानात असते. वेळेवर पडली तर एक-दोन दिवसांत ताप उतरायला लागतो. उशीर मात्र ती खपवून घेत नाही. पण आपल्या मनानं घेऊ नका, तिला डॉक्टरच लागतो.

ताप चढतच राहिला आणि ह्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. त्याच्याबाहेर लोखंडी बाकं असतात. तिथं बसून मी पाचोडला फोन केला. ह्यांचा धाकटा भाऊ पांडुरंग, माझे भाऊजी, दुपारी पोचले. काचेतून भावाला बघून बाहेर आले आणि भिंतीला टेकले.

“वहिनी, दादाचे हात बघितले का? मेंदी लावल्यावानी दिसून राह्यले.”

खरंच. ठिपके तळहातावर उतरले होते. तळपायांवरही. मी ते सकाळी पाहिले होते, पण डेंग्यूतही अंगावर येतं म्हणतात, म्हणून गप्प बसले होते.

त्या संध्याकाळी डॉक्टर समीनांची ड्यूटी संपली होती. पिशवी खांद्याला लावून निघालेल्या, आणि परत वळून माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “काकू, तळव्यावर असे दाणे फार कमी तापांत येतात. मला सरांना परत विचारायचं नाही. तुम्हाला विचारते. तुमच्या घरी जनावर आहे?”

“नाही हो. गाय नाही, म्हैस नाही.”

“दुसरं काही? मांजर, कुत्रा?”

“कुत्रा नाही पाळला. जिन्याखाली एक कुत्री व्यायलीय, तेवढंच.”

बोलले, आणि माझं मलाच ऐकू आलं. जिन्याखालच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग आहे. आणि ह्यांची खुर्ची त्या भिंतीला टेकलेली.

डॉक्टर समीना उठून आत गेल्या. मलाही बोलावलं. आम्ही दोघींनी मिळून ह्यांना कुशीवर केलं. त्यांनी हातमोजे घालून डोक्याचे केस बाजूला करत करत पाहिलं. उजव्या कानामागे, केस सुरू होतात तिथं, डाळीच्या दाण्याएवढी काळी खपली होती. कडेनं लाल. सिगारेटचा चटका बसल्यासारखी.

“एस्कार,” त्या म्हणाल्या. जंतूवाली गोचीड चावते तिथली कातडी मरते आणि अशी खपली धरते, त्याला एस्कार म्हणतात. ती दुखत नाही, खाजत नाही. गोचिडीचं पिल्लू खसखशीएवढं असतं. चावताना कळत नाही, पोट भरलं की गळून पडतं. हेही मला तोंडपाठ होतं.

डॉक्टर समीनांनी तिथूनच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते आले, खपली पाहिली, आजाराचं नाव सांगितलं, आणि ह्यांना हसू आलं. त्याच तासाला डॉक्सीसायक्लिन चालू झाली.

पण हा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात घर करतो. त्या झिरपायला लागतात. आठवडाभर तो निवांत काम करत होता, आम्ही किवी सोलत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे थोडे शुद्धीत होते. मला वाटलं, औषध लागलं. मी पांडूभाऊजींना म्हणालेही, बघा, उतार पडतोय. ह्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही आपलं बोलतील. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला सांगायचं काहीतरी राहिलेलं असेल. म्हणाले, “खपली फेकू देऊ नको. तिच्यात जंतू सापडतो. रक्तापेक्षा चांगला. तपासायला पाठवायला सांग.”

“अहो, गप्प पडा जरा.”

“आणि कुत्रीला हाकलू नको. तिला काय माहीत?”

तिची काळजी होती. खपलीची काळजी होती. मला इतका राग आला आणि इतकं भरून आलं की मी ह्यांचा हात सोडून बाहेर गेले. थोड्या वेळानं परत आले तर डोळे मिटलेले होते. मग बोललेच नाहीत. म्हणजे बोलले, पण वर्गात शिकवल्यासारखं काहीतरी तुटक, कुणाला तरी नाव घेऊन मागच्या बाकावरून उठवत होते.

दुपारी डॉक्टरांनी क्रिएटिनिन वाढल्याचं सांगितलं. मूत्रपिंडं थकली की रक्तातला हा आकडा चढतो. डायलिसिस सुरू झालं. त्यानंतर फुफ्फुसांत पाणी. व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं यंत्र. त्याच्या कागदावर सही करताना मी विचारलं, “नळी घातली की बोलता येत नाही ना?” मोठे डॉक्टर म्हणाले, “सध्या नाही येणार.” ते ‘सध्या’ मी दोन दिवस उराशी धरून बसले.

बंगळूरहून मुलगी आली. तिनं काचेला हात लावला आणि मला विचारलं, “आई, बाबांना गोचीड चावली?” तिचा विश्वास बसत नव्हता. कुणाचाच बसत नव्हता. ह्यांचे जुने विद्यार्थी आले, काही तर आता स्वतः प्राध्यापक झालेले. बाकांवर खाली मान घालून बसले. त्यातला एक हुंदके देत म्हणाला, “मॅडम, सरांनीच आम्हाला शिकवलं, मालक नाही म्हणाला तरी पेशंटचं अंग तपासा म्हणून.”

मी त्याला म्हटलं, “सर स्वतःला पेशंट समजलेच नाहीत रे.”

शनिवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. खुर्ची दिली. डॉक्टर खुर्ची देतात तेव्हा काय ते समजून जावं. म्हणाले, “औषध बरोबर आहे, ताई. उशीर झाला.” त्यांनी गोल गोल बोलून मला झुलवलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. दुपारी जेवणाच्या वेळेला हे गेले. मी हात धरला होता. तळहातावरचे ठिपके तसेच होते, पांडूभाऊजी म्हणाले तसे, मेंदीसारखे.

पाचोडला नेलं. बाजारातली माणसं दुकानं बंद करून आली. ज्यांच्या गाई ह्यांनी तपासल्या होत्या ते सगळे आले. एक म्हातारे मला म्हणाले, “बाई, आमच्या ढोरांला कधी मरू दिलं नाय त्यांनी. आन् स्वतःच गेले व्हय?”

कुत्रीचं सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल. घरी आल्यावर मी काठी घेतली होती हातात. ती शेपूट हलवत माझ्याच जवळ आली. पांडूभाऊजींनी माझ्या हातातली काठी काढून घेतली. “दादा नाय म्हणले व्हते ना, वहिनी?” दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला आणि पिल्लांना टेम्पोत घालून शेतावर नेलं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून औषध लावलं. जिन्याखालची भेग सिमेंटनं बुजवून घेतली, फवारणी केली. माझी भाऊजींवर माया होती, ती दुप्पट झाली.

खपलीचा अहवाल तेराव्यानंतर आला. जंतू सापडला. हे असते तर नाचले असते. माणसातल्या आजाराचा पुरावा ज्यासाठी ते इतकी वर्षं गोठे धुंडाळत होते, तो कानामागे घेऊन बसले होते. विद्यार्थ्यांनी विचारलं, सरांच्या कामात हा घालू का? मी म्हटलं, घाला. मी मात्र तो वाचला नाही. अजूनही वाचलेला नाही.

थंडीच्या दिवसांत एका रविवारी डॉक्टर समीना घरी आल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या छावणी भागातून गारखेड्यात, पत्ता शोधत. मी चहा केला. त्यांनी कप उचलला, तसाच खाली ठेवला. मग एकदम म्हणाल्या, “काकू, मी पहिल्याच दिवशी केस बाजूला करून बघायला हवं होतं. मला संकोच वाटला. एवढ्या मोठ्या माणसाला मी काय तपासू?” आणि पोर रडायला लागली.

मी तिला जवळ घेतलं. पहिल्यांदाच ‘अगं’ म्हणाले. “अगं, परत वळून आलीस ती तूच ना? तुझ्यामुळे मला कळलं तरी की माझा माणूस कशानं गेला. ते न कळता जगणं मला जमलं नसतं.” हे मी तिच्या समाधानासाठी बोलले नाही. खरंच तसं आहे.

ती म्हणाली, आता ती तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना वेगळं बाजूला घेऊन विचारते. आणि विचारून झालं तरी डोक्यापासून पायापर्यंत बघते. हवालदार असो, वकील असो, डॉक्टर असो. तिच्या हातून दोन माणसं वेळेत धरली गेली आणि चालत घरी गेली. हे ऐकलं तेव्हा मला आनंद झाला. तिला गेटपर्यंत सोडून आले, दार लावलं, आणि मग त्या दोन माणसांच्या बायकांचा मला इतका हेवा वाटला की मी खाली बसले.

हे सगळं लिहायचं कारण तेवढंच आहे. तुमच्या घरात कुणाला ताप येईल, अंगावर ठिपके उठतील. तो घरातला सगळ्यांत शहाणा माणूस असेल. तो म्हणेल, मला काही चावलं नाही, मला कळतं. त्याचं ऐकू नका. डॉक्टरांना घरातलं, जिन्याखालचं, गल्लीतलं सगळं जनावर सांगा. त्याच्या कानामागे बघा, केसांत बघा, काखेत बघा. तो चिडेल. आवाज चढवेल, तुम्हाला अडाणी म्हणेल. चिडू दे त्याला.

माझ्यावर चिडायला आता घरात कुणी नाही.